कोलंबोच्या फियाटचं दार

अमरावती, शुक्रवार, १९६३

शेवटी आज साडू माझ्या दारी आले. उद्या त्यांच्या मुलीचं लग्न, आणि कोलंबोहून आणलेल्या त्यांच्या फियाटचं पुढचं दार बडनेऱ्याजवळ बैलगाडीनं चेपलं. सुंभानं बांधून ठेवलंय. अमरावती-अकोल्यातलं एकही दार तिला बसेना. बसेल कसं? माझ्या गाडीसारख्या आपल्याकडच्या फियाटच्या पुढच्या दाराच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, कोलंबोवालीच्या पुढच्या बाजूला.

याच बिजागऱ्यांवरून साडू दिवाळीत अकोल्याला त्यांच्या घरी हसले होते. ही पुढच्या सीटवरून उतरताना लुगडं उलट्या उघडणाऱ्या दारात अडकून पोटऱ्या उघड्या पडल्या. भर अंगणात म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्या गाडीनं ताईचा तमाशा केला. आमच्या कोलंबोच्या दारात बाईमाणसाची इज्जत राहते." सगळे हसले. परत येताना ही मागच्या सीटवर जाऊन बसली.

आज म्हणतात, "नवरीले न्याले तुमची गाडी द्या ना."

नाही म्हणता आलं असतं. पण मग ते तिथंच संपलं असतं. मला संपवायचं नव्हतं. इतका खुनशी मी कधी झालो? असो, झालो.

म्हटलं, "न्या. नवरी मागं बसंल, पुढं ही. मांडवापाशी हिचं दार तुमी उघडाचं, अन् ही उतरेपर्यंत धरून उभं राहाचं."

"मी? सगळ्यांसमोर?"

"तवाही सगळ्यांसमोरच होतं."

खाली मान घालून हो म्हणाले.

हिला सांगितलं. हसली नाही. पेटीतून दिवाळीचं तेच लुगडं काढलं.

"मी सावकाश उतरीन," म्हणाली.