चोवीस गोळे आणि दोन मांजरं

बुधवार, १० डिसेंबर. संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटं.

गोळे तोलत बसलो आहे. नाताळच्या झाडाचे, लाल काचेचे. एकूण चोवीस. दागिने तोलायचा छोटा काटा मी कामाला आहे त्या काट्यांच्या दुकानात दुरुस्तीला आला होता, तो नीट चालतो का बघायला घरी आणला – मालकांना विचारून! तर म्हटलं, गोळेही तोलून घेऊ. सगळ्यात हलका १४ ग्रॅम, सगळ्यात जड साडेपंधरा. चोवीसही वजनं वहीच्या मागच्या पानावर उतरवली.

वहिनी शेजारी उभी राहून बघत होती. म्हणाली, "भाऊजी, मुलगी बघायला गेलात तर तिलाही काट्यावर उभी कराल."

गोळे वहिनीच्या आत्याचे. आत्या गेल्यावर कोणी कपाट घेतलं, कोणी भांडी. वहिनीने फक्त हा खोका मागितला. बारकी – म्हणजे माझी पुतणी – सहा वर्षांची होईपर्यंत तो उघडायचा नाही असं तिने ठरवलं होतं. यंदा बारकी सहाची झाली. आणि यंदाच घरात मांजरं आहेत!

मांजरं मी आणली. जून महिन्यात, दुकानातल्या मोठ्या काट्याच्या खोक्यात सापडली. पिवळा बोका – मुकादम. दिवसभर बसून दुसऱ्यांची कामं बघतो म्हणून. मांजरी – टाचणी. तशीच बारीक, आणि तशीच अचानक टोचते. दोघांनी रस्ता कधी पाहिलेला नाही. दारात पोस्टमन आला तरी पलंगाखाली जातात.

जेवताना वहिनीने जाहीर केलं: "झाड उद्या लावायचं. पंचवीस तारखेला सकाळी मी स्वतः गोळे मोजणार. चोवीस भरले तर मांजरं इथे. एक जरी कमी भरला तर दोघांची रवानगी गिरणीत. गिरणीवाल्याशी बोलून ठेवलंय, त्याला उंदरांसाठी हवीच आहेत."

दादा म्हणाला, "अगं, ह्यांना उंदीर दिसला तर उंदरालाच दवाखान्यात न्यावं लागेल. हसून हसून."

वहिनी हसली नाही. मी पोळी परत ताटात ठेवली.

गुरुवार, ११ डिसेंबर

झाड लागलं. वहिनीच्या शिलाई मशीनच्या शेजारी, खिडकीपाशी. शेंड्यावरच्या ताऱ्यासकट उंची १५० सेंटीमीटर. भिंतीवर खडूने खुणा करून उड्या मोजल्या. मुकादम: ७० सेंटीमीटर, तेही बिस्कीट दाखवल्यावर. टाचणी: १६०.

म्हणजे झाडापेक्षा दहाने जास्त! खुणा पुसून टाकल्या, वहिनीने बघायला नकोत.

शुक्रवार, १२ डिसेंबर

जनावरांच्या डॉक्टरांना दुकानातून फोन केला. म्हणाले, मांजरांना संत्र्याचा वास सहन होत नाही. झाडाभोवती साली ठेवा. आणि उगाच घाबरू नका. (मी घाबरलोय हे त्यांना कसं कळलं? मी फक्त चार वेळाच फोन केला होता.)

दोन किलो संत्री आणली. साली मला हव्या होत्या, आतलं कोण खाणार? दादा म्हणाला, "भावासाठी एवढं नाही करायचं, तर काय करायचं!" आणि अकरा संत्री खाल्ली. साली मी गोल रचल्या, प्रत्येक सालीत दोन बोटांचं अंतर.

मुकादम आला. वास घेतला. तोंड वाकडं केलं. मला वाटलं, जिंकलो. मग त्याने दोन पायांनी साली सारख्या केल्या आणि त्यावर झोपला.

दादा संध्याकाळपासून पोट धरून बसलाय.

शनिवार, १३ डिसेंबर

आज चांदीचा कागद, डबे गुंडाळायचा. मालक म्हणाले, मांजर त्यावर पाय ठेवत नाही, आवाजाला भितं. झाडाखाली सगळीकडे अंथरला, कडा चिकटपट्टीने बसवल्या.

टाचणी इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती. ती ह्या टोकाकडून त्या टोकाकडे पळत होती – चर्र! चर्र! – थांबायची, माझ्याकडे बघायची, परत पळायची. वहिनी मशीनवरून ओरडली, "घरात पापड कोण तुडवतंय?"

कागद काढला. टाचणी रुसली. कागदाचा एक बोळा मात्र तिने पळवला, तो अजून सापडलेला नाही.

रविवार, १४ डिसेंबर

हे पान वहिनीच्या हाती लागता कामा नये.

माझा विचार असा होता. झाड पडतं कधी? कलतं तेव्हा. कलतं आहे हे आधी कळलं तर सावरता येईल. दुकानात मोठा काटा बसवताना खांब सरळ आहे का बघायला आम्ही ओळंबा लावतो – दोरीच्या टोकाला पितळी वजन. दोरी खांबापासून एक केसभर लांब गेली तरी दिसतं. तर आज सकाळी मी झाडाच्या शेंड्याला ओळंबा बांधला. जमिनीपासून वीस सेंटीमीटरवर वजन लोंबतंय. चकचकीत. हळूहळू झुलतंय.

आता हे लिहून काढताना माझं मलाच दिसतंय मी काय केलं. तेव्हा दिसलं नाही. मी अभिमानाने दादाला हाक मारली. दादाने बघितलं, मग मांजरांकडे बघितलं, आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही त्यांना खेळणं का बांधून दिलंय?"

तेवढ्यात मुकादम उठला. जूनपासून ज्याला मी धावताना पाहिलेलं नाही, तो धावला! दोन्ही पंज्यांनी वजन धरलं आणि मागे पडला. शेंडा त्याच्याबरोबर खाली. मी उडी मारली, झाड मिठीत धरलं. झाड वाचलं. पण माझ्या कोपराखाली – टक्!

एक गोळा.

वहिनी बारकीला घेऊन बाजारात गेली होती. काचा मी एकेक करून उचलल्या. फोडला कोणी? खूप विचार केला. ओढलं मुकादमने, पण कोपर माझं. माझ्या नावावर लिहितो.

सोमवार, १५ डिसेंबर

दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेतली. सात दुकानं फिरलो. सातव्यात तसाच लाल मिळाला. दुकानदार म्हणाला, "पोराने फोडला का?" मी म्हणालो, "हो." तोलला: ९ ग्रॅम. आजकाल काच पातळ करतात. डोळ्यांना फरक कळत नाही, हाताला कळतो. मागच्या बाजूला, भिंतीकडे टांगला. मोजले. चोवीस.

वहिनीने विचारलं, "भाऊजी, आज लवकर?" म्हटलं, डोकं दुखतंय. ते खोटं नव्हतं.

मंगळवार, १६ डिसेंबर

चोवीस. मांजरं झोपलेली. माझं काही खरं नाही.

बुधवार, १७ डिसेंबर

तेवीस!!

दुकानातून आलो, सवयीने मोजले. तेवीस. परत मोजले. खालून वर मोजले. तेवीसच. काचेचा कण नाही कुठे. फोडलाही आणि पुसूनही घेतला? मुकादम मशीनखाली बसून मिशा चाटत होता. त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्याने आधी नजर वळवली.

पळत सातव्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "पोर फार दंगेखोर दिसतंय तुमचं."

टांगला. चोवीस.

गुरुवार, १८ डिसेंबर

पंचवीस.

आता हे काय? जास्त कसे होतील? सहा वेळा मोजले. मग दादाला गुपचूप मोजायला लावले. तोही बोटं नाचवत मोजत राहिला, आणि एकदम त्याचे कान लाल झाले. चपला घालून निघून गेला.

शुक्रवार, १९ डिसेंबर

दादाने मला जिन्यात गाठलं. खाली-वर बघितलं, जसं काही आम्ही बँक लुटणार आहोत.

"परवा तो गोळा मी फोडला."

"तू?"

"दिव्यांच्या माळेची पिन लावायला वाकलो आणि उठताना डोकं! काचा डब्यात भरून कामावर, छापखान्यात नेल्या. काल नवा आणून लावला. तर तू आधीच लावलेलास! अरे, सांगायचं नाही का?"

"तू सांगायचं नाही का! मी मुकादमशी दोन दिवस बोललो नाही."

"माझ्या बायकोला सांगू नकोस हं. आत्याचा गोळा आहे. गिरणीत मांजरांबरोबर मलाही पाठवेल."

ठरलं: दादाने आणलेला काढून ठेवायचा. तो आता माझ्या अवजारांच्या डब्यात, मोज्यात गुंडाळून ठेवलाय. झाडावर चोवीस.

मुकादमला बिस्कीट दिलं. माफी मागितली. त्याने बिस्कीट घेतलं, माफीचं काही बोलला नाही.

रविवार, २१ डिसेंबर. दुपारी ३ वाजता.

घरात मी एकटा. पुन्हा सगळे गोळे काढून तोलावेत असं वाटलं. म्हणजे निदान नक्की माहीत असेल. हिशेब सरळ होता: आत्याचे बावीस, मी आणलेले हलके दोन.

आत्याचे निघाले एकवीस. हलके तीन!

काटा तपासला. काटा बरोबर आहे. मीच दुरुस्त केलाय. हा तिसरा हलका गोळा ना माझा, ना दादाचा. रोज चोवीस भरत होते, म्हणजे ज्याने फोडला त्याने त्याच दिवशी बदलला. कोण?

एक खूण सापडली. माझे गोळे मी पांढऱ्या दोऱ्याने टांगलेत. आत्याचे तारेने. हा तिसरा गडद हिरव्या दोऱ्याने, गाठ इतकी सुबक की सुटता सुटेना.

सोमवार, २२ डिसेंबर

बारकीला कोपऱ्यात घेऊन विचारलं. "तू फोडलास का गोळा? काका रागावणार नाही."

"मी नाही! आई शप्पथ!" मग थोडा विचार करून म्हणाली, "पण मला माहितीये कोणी. पण मी सांगणार नाही. मला दोन चॉकलेटं मिळाली आहेत."

मी तीन देऊ केली. म्हणाली, "नको. प्रॉमिस केलंय." सहा वर्षांची पोरगी! ह्या घरात एवढं पक्कं माणूस दुसरं नाही.

मंगळवार, २३ डिसेंबर

गिरणीवाला दुकानात आला होता, त्याच्या काट्यासाठी. जाताना म्हणाला, "काय, मग परवा पाठवताय ना मांजरं? खोकं तयार ठेवलंय." मालक म्हणाले, "अरे, तू असा पांढरा का पडलास? पीठ त्याच्या अंगावर आहे."

बुधवार, २४ डिसेंबर

संध्याकाळी वहिनी एका गिऱ्हाईकाचा कोट शिवत होती. मी उगाच जवळ उभा. कोट गडद हिरवा. मशीनवर रीळ गडद हिरवं. तिने शेवटची गाठ मारली, दोरा दाताने तोडला. गाठ बघितली.

तीच गाठ.

मी तसाच मागे सरकलो, टाचणीच्या शेपटीवर पाय पडला, ती किंचाळली. वहिनी म्हणाली, "बघून चाला की भाऊजी! लागलं ना बिचारीला."

बिचारीला!! सहा महिन्यांत वहिनीच्या तोंडून पहिल्यांदा.

गुरुवार, २५ डिसेंबर

सकाळी वहिनीने मोजले. मोठ्याने, बोट लावून, सगळ्यांना ओळीने उभं करून. दादा छताकडे बघत होता. मी पायांकडे. बारकी तोंडावर हात ठेवून. मांजरं तेवढी निवांत. हिरव्या दोऱ्याच्या गोळ्यापाशी तिचं बोट थांबलं नाही, जरा लवकरच पुढे गेलं. "... तेवीस, चोवीस. भरले." आणि स्वयंपाकघरात गेली.

थोड्या वेळाने मला हाक. मी गेलो. ती चहा गाळत होती. मुकादम ओट्याखाली बसलेला.

"भाऊजी, एक विचारू? तुमच्या त्या काट्यावर काचेचा गोळा तोलला, तर कळतं का हो – जुना की नवा?"

सात वर्षं मी वजनाचं काम करतोय. वजनाच्या बाबतीत आजवर एक शब्द खोटा बोललेलो नाही.

"छे," मी म्हणालो. "अजिबात नाही कळत."

तिने मोठा श्वास सोडला. मग वाकून मुकादमला उचललं – सराईतासारखं, एक हात छातीखाली, एक मागे – आणि त्याच्या कानात पुटपुटली, "ऐकलंस? वाचलो आपण. पण आता परत झाडावरचा तारा बघायचा हट्ट करायचा नाही. फार जड झालायस, हात निसटतो माझा."

आत्याचे गोळे: २४
फोडले: मी १, दादा १, वहिनी १
मांजरांनी फोडले: ०
झाडावर: २४. मोज्यात: १
गिरणीवाल्याला निरोप: खोकं लागणार नाही.