दोन्हीकडचा उशीर

मंगळवार, ७ ऑक्टोबर
डेटाची पॅकेटं पुन्हा गळाली! सावकाश पाठवली तर एकही नाही, गिगाबिटच्या वेगाला नेलं की गोंधळ. शुक्रवारी ग्राहक येतोय. आमचा साहेब कर्टिस दारातच उभा राहून म्हणाला, "ज्याची चूक त्याची नोकरी जाईल, नोरीन. नाव तू द्यायचंस."
नाव! चिप वेंडेलची, सर्किट बोर्ड दिएपने आखलेला. भर मीटिंगमध्ये दिएपने वेंडेलची चूक काढली, तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. निरोप माझ्यामार्फत. मी यांची प्रमुख की पोस्टमन?

बुधवार, ८
काही सापडलं नाही. जेवणही गेलं नाही.

गुरुवार, ९
सापडलं! क्लॉक, म्हणजे ठेका देणारा सिग्नल, डेटाच्या किंचित मागून पोचला तरच पलीकडची चिप नीट वाचते. तो उशीर एकानेच घालायचा. दिएपने बोर्डावर क्लॉकची तांब्याची रेघ सापासारखी वळवून, लांब करून घातला. वेंडेलने चिपच्या आत घातला. दुप्पट उशीर — म्हणजे पुन्हा अवेळीच.
दोघांना वेगवेगळं गाठलं. दिएप फोचं नूडल-सूप खाता खाता म्हणाली, वेंडेल विसरला असता तर सगळ्यांनी त्यालाच धरलं असतं, म्हणून मीच घातला. आणि वेंडेल — "तिच्यावर आधीच किती काम. म्हटलं, आपणच घालून टाकू. तिला सांगू नकोस, उगाच भाव खाईल."
यांना भांडता तरी नीट येतं का?
नवा बोर्ड म्हणजे तीन आठवडे. चिपमधला उशीर बंद करणं म्हणजे एक सेटिंग. तेच केलं. बोर्ड हेअर ड्रायरने तापवूनही पाहिला, एकही पॅकेट गळालं नाही.

शुक्रवार, १०
ग्राहक खूश. तो गेल्यावर कर्टिसने विचारलं, "दुरुस्ती कुणाच्या बाजूला केलीस?"
वेंडेलच्या, म्हटलं.
"मग मिळालं की नाव."
किती समजावलं — ती बाजू सोपी होती म्हणून, चुकीची होती म्हणून नव्हे! त्याला पटेना. नोकरी गेल्याचं सोमवारी संध्याकाळी वेंडेलला सांगायचं, तेही मीच. सोपी बाजू निवडताना मला हे दिसायला नको होतं? की दिसलं होतं, आणि घाई झाली होती?

सोमवार, १३
वेंडेलचं दिएपला कुठूनसं कळलं. तिने मला न विचारता बोर्डाची नवी आखणी कारखान्याला पाठवली. रेघ सरळ केली. मग कर्टिसला जाऊन सांगितलं — बोर्ड चुकला होता, वेंडेलचं सेटिंग होतं तसंच हवं.
दुरुस्ती आता तिच्या बाजूला आहे.