साहेबांच्या बायकोची गाठ

४ फेब्रुवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

गुडघा बरा आहे म्हणता, पण अक्षर तिरकं आलंय. म्हणजे पाय वर घेऊन पलंगावरच लिहिलंत. भावजयीला फसवू नका.

तुमच्या ठोंब्या भावाची नोकरी चालू आहे, अजून तरी. पलटणीतून सुभेदार म्हणून उतरले आणि मटार गोठवणाऱ्या कंपनीत गोदामाचे प्रमुख झाले. चढलो की उतरलो, ते त्यांनाच कळेना. परवा वॉचमनने जांभई देता देता हात वर केला, त्यालाच सलाम समजून दिवसभर खूश होते.

आता काळजीचं. मार्चअखेर ह्यांची उमेदवारी संपते. मग कायम तरी, नाहीतर घरी. आणि गेल्या आठवड्यात कोल्ड स्टोरेजचं दार रात्रभर उघडं राहिलं. सगळे मटार वितळले. दार फोर्कलिफ्टवाल्या मामांनी लावलं नव्हतं, हे अख्ख्या गोदामाला ठाऊक. तरी मीटिंगमध्ये एकाने विजेवर ढकललं, दुसऱ्याने बिजागरीवर, तिसरा हवामानावर घसरला. ह्यांची पाळी आली तर हे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "गोदाम माझ्या ताब्यात होतं. चूक माझी." सगळे म्हणे असे बघत राहिले, जसे काही ह्यांनी भर मीटिंगमध्ये शर्ट काढला.

मामांचं नाव का नाही घेतलंत, असं मी विचारलं. तर म्हणे त्यांना बाजूला घेऊन झापलंय, ते आमचं आमचं. तेव्हापासून मॅनेजरसाहेब ह्यांच्याशी बोललेले नाहीत. समोरून आले तर जिना बदलतात. ताई, मला घास गिळवत नाही. पलटणीतून आणून माळ्यावर टाकलेल्या ट्रंकासुद्धा अजून सोडलेल्या नाहीत. म्हटलं, कायम झाले की सोडू.

काय करू, ते लिहा. आठवण काढत जा, रागवायला का होईना.

तुमची,
वहिनी

११ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

शाळेत कोणाचाही बाक मोडला तरी आधी ह्याचा हात वर. शेवटी मास्तर वर्गात आल्या आल्या ह्यालाच उभं करायचे, वेळ वाचावा म्हणून.

मी जन्म कचेरीत काढला. तिथे चूक पोरकी असते, तिला कोणी आईबाप लागत नाहीत. हा तिला दत्तक घेऊन आला. साहेब बिचारा घाबरला असणार. आज हा स्वतःची चूक सांगतो, उद्या साहेबाची सांगेल.

तू मात्र कचेरीची पायरी चढू नकोस. तुझा स्वभाव ठाऊक आहे म्हणून बजावते. चार घास जेव. माझा जीव तुमच्यात अडकलाय, गुडघ्यात नाही.

ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुम्ही बजावलंत म्हणून कचेरीची पायरी चढले नाही. साहेबांच्या बायकोकडे गेले.

हसू नका. पलटणीत तीच रीत होती. नवरा सीमेवर, पोरगी तापलेली, छप्पर गळतंय, की उठायचं आणि मोठ्या साहेबांच्या बाईंकडे जायचं. त्या चहा देत, ऐकून घेत आणि काम होऊन जाई. मला वाटलं, सगळीकडे असंच असतं.

ह्या बाई निघाल्या दातांच्या डॉक्टर. दवाखान्यात नंबर लावला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच ते उघडायला लावलं आणि आत आरसा घातला. घरून सगळं पाठ करून गेले होते, त्यातलं 'आ' एवढंच म्हणता आलं. दाढा झिजल्यात म्हणाल्या, झोपेत दात खाता का, कधीपासून? मी म्हटलं, मटार वितळल्यापासून. मग काय, सगळंच सांगून टाकलं.

बाई कितीतरी वेळ हातमोजे काढत बसल्या. मग म्हणाल्या, त्यांच्या शब्दावर त्यांचा नवरा घरातले पडदेसुद्धा बदलत नाही, तेव्हा नोकरीचं त्या काही करणार नाहीत. दातांत घालायची पट्टी तेवढी करून देतील. निघताना विचारलं, घरी सांगून आलात का?

नाही हो ताई, नाही सांगितलं. आता त्या साहेबांकडे बोलल्या तर? ह्यांनी बायकोला पुढे केलं असंच होणार. मटारांनी गेली नसती ती नोकरी माझ्या तोंडाने जाईल.

माया पातळ करू नका.

वहिनी

२६ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

हसले. मग गुडघा धरून बसले.

डॉक्टरीणबाईंच्या तोंडाची राखण करत बसू नकोस. साहेबाकडून त्याला कळायच्या आत तूच सांग. पलटणीचीच रीत चालवायची ना, मग अर्धी का? उभी राहा आणि सांग. काय झालं ते कळेपर्यंत मलाही चैन नाही.

ताई

२ एप्रिल

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

उभी राहिले आणि सांगितलं. चूक माझी, म्हटलं. हे बूट पुसत होते, ब्रश थांबला. रागावले नाहीत, म्हणून जास्तच भीती वाटली. म्हणाले, "मला का नाही विचारलंस?"

मी म्हटलं, आजवर विचारायला तुम्ही घरात होतात कुठे? अडलं की बाहेर जायचं, एवढंच मला येतं.

त्यांनी दुसरा बूट पुसला. मग माझ्या चपला पुढ्यात ओढल्या आणि त्याही पुसल्या.

काल साहेबांनी ह्यांना बोलावलं. दवाखान्याचा विषयही काढला नाही. कायम केलं नाही, काढलंही नाही. उमेदवारी सहा महिने वाढवली. म्हणाले, अशा माणसाचं काय करायचं ते आमचं अजून ठरत नाही. मामा मात्र आता दार लावून पुन्हा ओढून बघतात.

घरी येऊन ह्यांनी मला हाक मारली. टांगणीला राहायचं की दुसरीकडे बघायचं, तुला काय वाटतं, असं विचारलं. ताई, लग्नानंतर पहिल्यांदा. म्हटलं, बसा, बोलू. बोलून झाल्यावर दोघांनी मिळून माळ्यावरची एक ट्रंक खाली काढली. बाकीच्या सप्टेंबरनंतर.

पट्टी घालून झोपते. दात वाचले, झोपेचं बघू.

तुमच्या मनातली आमची जागा कायम धरून चालते. सध्या तेवढी एकच आहे.

वहिनी