मसनवटा ऑर्केस्ट्राचा आवाज

उमरगा,
ता. ९ फेब्रुवारी १९८६

चि. मच्छिंद्र यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

इकडं सर्व खुशाल. तुझं पत्र सहा डिसेंबरनंतर आलेलं नाही. दूध सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यापासून तुझी सगळी शाई म्हशींसाठीच राखून ठेवली आहेस की काय? आईचे गुडघे कसे आहेत? विहिरीला पाणी आहे का टँकर सुरू झाला? इथं दोन दिवसांआड नळ येतो. तुझे दाजी पहाटेच बादल्यांची रांग लावून बसतात आणि शेजाऱ्यांशी भांडण उकरून काढतात.

आता खरी गोष्ट. परवा दवाखान्यात एक पेशंट आला. पन्नाशीचा, वाळून गेलेला, गळ्याला मफलर आणि सोबत बायको. आवाज असा की पत्र्यावर वाळू ओढतंय कुणीतरी. केसपेपर लिहायला मी नाव विचारलं तर म्हणाला, महांतप्पा. मी मान वर करून बघितलं. ओठांच्या कडा जुन्या भाजलेल्या. अरे, आपला मुडदा! मसनवटा ऑर्केस्ट्राचा महांतप्पा! अर्धं तोंड चुन्यानं पांढरं, अर्धं तव्याच्या काजळीनं काळं, तिरडीवरून उठून गाणारा आणि तोंडात रॉकेल धरून जाळ फेकणारा. मी नर्स आहे हे विसरून खुर्चीवरून उठलेच बघ. डॉक्टरांनी चष्म्यातून असं बघितलं की परत बसले.

पण बातमी वाईट आहे रे. गळ्यात गाठ आहे, आणि सोलापूरचा रिपोर्ट चांगला नाही. डॉक्टर म्हणाले, महिन्याच्या आत सोलापूरला जाऊन स्वरयंत्र काढून घ्या. जीव वाचेल, बोलणं मात्र कायमचं जाईल. हा बाबा सरळ नाही म्हणाला. म्हणतो, चौदा वर्षं या आवाजावर लोकांनी जीव टाकला, तो देऊन मी घरात मुकाट भाकरी खात बसू? त्यापेक्षा आवाजासकट गेलेलं बरं. त्याची बायको महादेवी बाहेरच्या बाकावर माझा हात धरून रडली. तिला कानडी मिसळल्याशिवाय बोलता येत नाही, पण रडणं सगळं समजलं.

म्हणून तुला काम सांगते. तुला काय काय आठवतं ते सगळं लिहून पाठव. तेव्हा ऑर्केस्ट्राच्या मागं हिंडणारे अजून कुणी असतील तर त्यांच्याकडूनही लिहून घे. लोक आपल्याला विसरले नाहीत हे कळलं तर त्याला जगावंसं वाटेल. आळस करू नकोस. आईला नमस्कार, लहानग्यांना पापा. जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी,
अक्का


बेंबळी,
ता. १७ फेब्रुवारी १९८६

ति. अक्कास,
मच्छिंद्रचा स. जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि दूध मोजायचं सोडून गावभर बोंबलत सुटलो, मुडदा सापडला, मुडदा सापडला! दोघं-चौघं खरंच चावडीकडं पळाले. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड ठणठणीत आहे. पाण्याला टँकर आहे.

तुला माहीत असलेलंच लिहितो, कारण हे त्याला वाचून दाखवायचं आहे. त्र्याहत्तरचा दुष्काळ. आबा पाझर तलावाच्या कामावर गेलेले. पोस्टमननं दारात कार्ड दिलं, कोपरा फाटलेला. फाटका कोपरा म्हणजे मयताची चिठ्ठी. ती घरात न्यायची नाही, उंबऱ्याबाहेर वाचायची आणि फाडून टाकायची. आबा सांगून दमले की दीक्षा घेतल्यापासून आपण हे सगळं सोडलंय, पण आईचा फाटका कोपरा काही सुटला नाही. मी 'उमरगा येथील' एवढंच वाचलं, तेवढ्यात तिनं कार्ड हिसकावलं आणि टराटरा फाडलं. उमरग्यात आपले तात्याराव मामा तापानं आजारी. झालं! तिनं हंबरडाच फोडला. आपण तिघं यष्टीत बसलो आणि उमरग्यापर्यंत ती एकसारखी रडत होती. मामाच्या दारात पोचलो तर मामा चटणी-भाकर खात बसलेले. आईनं त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि पुन्हा रडायला लागली.

मग मामांनी स्वतःला आलेलं तसलंच कार्ड दाखवलं. उमरगा येथील महांतप्पा यांचे दुःखद निधन झाले असून ते येत्या शुक्रवारी सायंकाळी पाच वाजता बाजारतळावर पुन्हा उठणार आहेत, सहकुटुंब यावे! ही यांची जाहिरात! आई म्हणाली, कोण मेलाय तो मला बघायचाच आहे.

अक्का, ती संध्याकाळ मला काल झाल्यासारखी दिसते. चौघांनी तिरडी आणली. बसवराज रेडिओवाल्यानं स्वतः बनवलेली ती विजेची गिटार, ट्रकच्या बॅटरीवर चालणारी. हैदराबादहून कुणा ड्रायव्हरनं आणलेली गोऱ्या लोकांची तबकडी ऐकून हे सगळं सुचलं म्हणे. गिटार अशी किंचाळली की बाजारतळावरची कुत्री पळाली. भुईनळे फुटले, मुडदा उठला, जाळ फेकला. आणि आपली आई पदर खोचून तरातरा स्टेजवर चढली आणि त्या मुडद्याच्या कानाखाली अशी वाजवली की चुना उडाला! पब्लिकला वाटलं हाही खेळच. शिट्ट्याच शिट्ट्या. पुढं प्रत्येक खेळात त्यांनी एक म्हातारी ठेवली होती, मुडद्याला चपराक मारायला.

त्याच साली आपल्या तलावाच्या कामावर त्यांनी फुकट खेळ केला, तोही लिहितो. कुऱ्हाडीनं मुंडकं उडवायचे. मुंडकं म्हणजे लाल भोपळा, त्याला काजळाचे डोळे. मुंडकं खाली पडलं आणि कामावरची सरकारी सुकडी खाऊन कंटाळलेल्या बायका त्यावर तुटून पडल्या. त्या दिवशी आठ घरी महांतप्पाच्या मुंडक्याची भाजी होती.

तेरखेड्याला जाऊन लिंबाजीकडूनही लिहून घेतलंय. त्याच्या घरचे भुईनळे ते वापरायचे. एकदा कफनानं पेट घेतला, मुडदा उठून पब्लिकमधून पळाला आणि थेट हौदात पडला, असं तो लिहितो. रामकिसन कंडक्टर लिहितो की रबराचा साप सरपंचाच्या मांडीवर पडला आणि सरपंच आठ दिवस गावात दिसले नाहीत. एकूण सात कागद सोबत जोडले आहेत.

एक विचारायचं राहिलं. तो गायचा काय गं? आमची इथं यावरून भांडणं लागलीत. कुणालाच एकही गाणं आठवेना. त्याला विचारून कळव.

दाजींना जयभीम. माया आहे, ती पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
मच्छिंद्र


उमरगा,
ता. २३ फेब्रुवारी १९८६

चि. मच्छिंद्र यास,
आशीर्वाद. वि. वि.

पाकीट मिळालं. हसून हसून पोटात दुखलं, आणि मग डोक्याला हात लावून बसले. अरे शहाण्या, तू काय पाठवलंस हे तुला कळतंय का? सात कागद. जाळ आहे, साप आहे, भोपळा आहे, चपराक आहे. आवाजाबद्दल कुणाचं अवाक्षर नाही! ज्या आवाजापायी तो मरायला निघालाय, तो कुणाला आठवतही नाही, हे मी त्याला कुठल्या तोंडानं वाचून दाखवू? वर तूच विचारतोस, तो गायचा काय!

मी सगळे कागद पेटीत लपवले. तो रोज औषधाला येतो आणि विचारतो, सिस्टर, पत्र आलं का? मी थापा मारते. दहा मार्चला सोलापूरचे डॉक्टर ऑपरेशन करायला तयार आहेत. ती तारीख गेली तर पुढं उपयोग नाही, असं आमचे डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले.

तेव्हा आता दुसरं पत्र लिही. आवाज गोड होता, अजून कानात घुमतो, असं काहीतरी. एखादं खोटं बोललं म्हणून आभाळ कोसळत नाही. उलटटपाली पाठव.

तुझी चिंतेत पडलेली,
अक्का


बेंबळी,
ता. २८ फेब्रुवारी १९८६

ति. अक्कास,
स. जयभीम. वि. वि.

तीन वेळा लिहायला बसलो. गोड आवाज, घुमणारा आवाज. लिहून मीच फाडून टाकलं. माझंच मला हसू आलं आणि मग लाज वाटली. शेवटी आईला विचारलं. तर ती माझ्यावरच खेकसली. आजारी माणसाला खोटं सांगून सुरीखाली निजवतोस व्हय रे, म्हणाली. मग म्हणाली, घे कागद, मी सांगते तसं लिही, एक अक्षर बदललंस तर बघ. खाली तिचं तसंच्या तसं उतरवतो.

"महांतप्पा, म्या बनाबाई, बेंबळीची. तुला चपराक मारलेली बाई ती म्याच. लागली आसंल तर लागू दे, तुझं कामच तसलं व्हतं. तुझं गाणं म्या ऐकलं न्हाय, खोटं कशाला बोलू. भोंगा नुसता खरखरत व्हता. पर एक सांगते. त्या सालात माझी सुमन गेली. सा वर्साची व्हती. मला रडूच आलं न्हाय बग. दिस उगवला की पाटी उचलायची, खडी फोडायची, रडायला सवड कुठली. मग तुझं कारड आलं. भावाच्या नावानं म्या उमरग्यापतूर रडले. ते रडं भावाचं न्हवतं बाबा, पोरीचं व्हतं. आन् तुला मारून खाली उतरले तर मान्सं शिट्ट्या मारायलीत. मला हसू फुटलं. लई हसले. घरी येऊन म्या दोन महिन्यांनी पोटभर भाकर खाल्ली. येवढंच सांगायचं व्हतं. गळा कापत्यात तर कापू दे. मान्सानं ऱ्हावं."

अक्का, तेरा वर्षांत सुमनचं नाव आईच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. आपणही घरात कधी काढलं नाही. लिहून झाल्यावर ती चुलीपुढं जाऊन बसली. हे पत्र द्यायचं की नाही ते तू ठरव.

तुझा,
मच्छिंद्र


उमरगा,
ता. ८ मार्च १९८६

चि. मच्छिंद्र यास,
आशीर्वाद. वि. वि.

सगळं दिलं. सातही कागद आणि आईचं पत्र. मनात म्हटलं, आई खोटं बोलली नाही तर मी कोण बोलणार.

त्यानं दवाखान्याच्या बाकावर बसून वाचलं. पहिले कागद वाचताना हसत होता. मग हसू कमी होत गेलं. सातवा संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून उलटून बघितले, आवाजाचं कुठं काही राहिलंय का म्हणून. माझा जीव तुटला रे. मग तडक उठला, औषध न घेता निघून गेला. आईचं पत्र न वाचताच खिशात घातलं होतं. चार दिवस फिरकला नाही. मी स्वतःला लाख शिव्या दिल्या.

काल महादेवी आली आणि तिनं सगळं सांगितलं. घरी धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी तो बसवराजच्या रेडिओच्या दुकानात जाऊन उभा राहिला आणि विचारलं, लोकांना माझा आवाज का आठवत नाही, खरं सांग. बसवराज आधी स्क्रूच शोधत बसला. शेवटी कबूल झाला की महांतप्पा पहिल्यापासून बेसूर, म्हणून तो त्याचा माईक कमी ठेवायचा आणि गिटार मोठी करायचा. पहिल्या खेळापासून शेवटच्या खेळापर्यंत! मागोमाग गेलेल्या महादेवीला वाटलं, आता तिथं हाणामारी होणार. महांतप्पा खाली बसला, आणि खोकला येईपर्यंत हसला. मग तिथंच त्यानं खिशातलं आईचं पत्र काढून वाचलं. ते कुणाला वाचून दाखवलं नाही. घरी येऊन बायकोला म्हणाला, पिशवी भर, सोलापूरला जायचंय.

आज सकाळच्या गाडीनं दोघं गेले. मी यष्टी स्टँडवर जाऊन आले. परवा ऑपरेशन. आईला सांग. एवढ्यावरच भागव.

तुझी,
अक्का


सोलापूर,
ता. २ एप्रिल १९८६

मातोश्री बनाबाई यांस,
महांतप्पाचे शरणु शरणार्थी. वि. वि.

हे पत्र मच्छिंद्ररावांनी आपल्याला वाचून दाखवावं. ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली असं डॉक्टर म्हणतात. नळीतून पातळ पेज मिळते. पाटीवर लिहून बोलतो. माझ्या बायकोला मात्र पंचवीस वर्षांनी संधी सापडली आहे, ती दिवसभर बोलते आणि मला मधे तोंड घालता येत नाही. कोकिळा पाळल्यासारखं वाटतं.

खोटं लिहीत नाही, त्या सात कागदांचा मला फार राग आला होता. चौदा वर्षं तिरडीवर पडून मी एकच विचार करायचो, की आता उठून असं गाईन की लोक जन्मभर विसरणार नाहीत. आणि लोकांना भोपळा आठवतो! त्या आवाजासाठी मी बायकोला उघड्यावर टाकून मरायला निघालो होतो. तो आवाज कुणी ऐकलाच नव्हता हे कळलं, तेव्हा आधी जमीन सरकली आणि मग लई हलकं वाटलं. जे कुणाजवळ नव्हतंच, ते गेलं म्हणून कोण रडणार?

आपलं पत्र मी जवळ ठेवलं आहे. रोज वाचतो. मयताची खोटी कार्डं पाठवताना ती कुणाच्या दारात जातील याचा आम्ही कधी विचार केला नाही, त्याबद्दल हात जोडतो. आपण मला माफ केलंत का, ते विचारत नाही. चपराक आधीच मिळालेली आहे.

पंधरा दिवसांनी उमरग्याला घरी येतोय. आपण मच्छिंद्ररावांना घेऊन यावं. सिस्टरही येतील. सुमनचं आपण दोनच ओळींत सांगितलंत. सहा वर्षांचं लेकरू दोन ओळींत मावत नाही. ती कशी होती, काय खायची, कुणावर रुसायची, कुणाच्या कडेवर जायची, सगळं मला सांगा. घरात कुणापुढं बोलता येत नसेल तर माझ्यापुढं बोला. सकाळी आलात तर दिवस मावळेपर्यंत बोला. मी मधे काही बोलणार नाही.

आपला,
महांतप्पा