बारा फूट मागे

कोच, हे मी मराठीत लिहितोय, म्हणजे तुम्हाला यातलं अक्षरही कळणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचाच मला आधार वाटतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गाडी रिव्हर्सला टाकायची माझी हिंमत होत नाही. परवा बायको वैतागून म्हणाली, "अरे, ड्राइव्हवेतून सरळ रिव्हर्स घे ना! रोज लॉनवरून काय वळवतोस? नेबर्स बघतात." मी गवताचं काहीतरी कारण सांगितलं. तिला तुमच्याबद्दल कधी बोललोच नाही.

इथे कॅनडात, वॉन गावातल्या वेअरहाउसमध्ये आपण दोघं फोर्कलिफ्ट चालवायचो. लंचरूममध्ये तुम्ही एकदा पिवळं पडलेलं कात्रण दाखवलंत: रुमानियातलं फुटबॉलचं भरलेलं मैदान आणि हवेत झेपावलेला एक केसाळ लेफ्ट विंगर, म्हणजे तरुणपणचे तुम्ही. पुढे तुम्ही मॅनेजर झालात, सहा क्लबांनी घेतलं, सहाही क्लबांनी काढलं, मग मुलीपाठोपाठ कॅनडात आलात. इथे शिफ्ट संपली की एका सेमी-प्रो क्लबचे मॅनेजर. मी वसईला चर्चच्या मैदानावर खेळलेलो, तेवढ्या भांडवलावर तुमचा असिस्टंट झालो, म्हणजे मुळात टीमच्या व्हॅनचा ड्रायव्हर.

तुमचा एक नियम होता, तुमच्याकडच्या फुटबॉलवाल्यांचा. टीम गाडीत बसली की गाडी मागे जाता कामा नये. गाडी मागे गेली की मॅच गेली. प्रत्येक पार्किंग लॉटमध्ये तुम्ही हातवारे करून अशी जागा शोधायचात, की पुढून आत आणि पुढूनच बाहेर. मी चिडवलं, "कोच, होल डे तर फोर्कलिफ्ट रिव्हर्स करता!" तुम्ही हसला नाहीत. "देअर आय ॲम फोर्कलिफ्ट," म्हणालात. "हिअर आय ॲम मॅनेजर."

सीझनची शेवटची मॅच व्हिटबीला होती. हरलात तर सुट्टी, असं क्लबच्या मालकाने तुम्हाला आधीच बजावलेलं. वाटेत कॉफीच्या दुकानाशी, एका दिव्याच्या खांबालगत थांबलो, तुम्ही वॉशरूमला गेलात. पोरं कानात हेडफोन घालून झोपलेली. एवढ्यात दुकानाचा माल घेऊन ट्रक आला, त्याला वळायला जागा हवी होती. मी रिव्हर्स टाकला. बीप, बीप, बीप. असेल बारा फूट. तुम्ही बाहेर येता, थबकता, दिव्याच्या खांबाकडे बघता, मग माझ्याकडे.

"सेम प्लेस?"

"यस, कोच."

तुम्ही माझ्या खांद्यावर थाप मारता आणि पुढच्या सीटवर बसता.

शेवटच्या मिनिटाला आपल्याच डिफेंडरच्या पायाला लागून बॉल आत गेला. परतताना ग्रुपवर मालकाचा मेसेज आला, थँक यू, कोच. तुम्ही तो दोनदा वाचलात आणि फोन मांडीवर पालथा ठेवलात. मग सबंध विंटर तुम्ही लंचरूममध्ये मॅचच्या डावपेचांची वही उघडून बसायचात, बाण खोडायचात, पुन्हा काढायचात. "यू अँड मी, वी डिड एव्हरीथिंग राइट," म्हणायचात. "सो व्हेअर इज मिस्टेक?" मी डब्यातली भाकरी मोडत राहायचो. मला फार लाज वाटायची.

बर्फ वितळायच्या आत तुमचं हार्ट बंद पडलं, फोर्कलिफ्टवरच. मुलीने ती वही शवपेटीत तुमच्या हाताखाली ठेवली. अजूनही वेअरहाउसमध्ये कुणी रिव्हर्स घेतला आणि तो बीप बीप सुरू झाला, की मी मान वर करून तुम्हाला शोधतो.

मी कन्फेशनलाही गेलो होतो. फादर हसले. "माय सन, रिव्हर्सिंग अ व्हॅन इज नॉट अ सिन." बरोबर आहे त्यांचं. पण त्यांनाही मी सगळं सांगितलं नव्हतं. हा कागद डॅशबोर्डच्या खणात पडून राहील, म्हणून इथे लिहितो. ट्रकवाल्याला जागा हवी होती, असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. त्याने हात करून सांगितलं होतं, "स्टे, यू आर गुड." मला नुसतं बघायचं होतं, मागे गेल्यावर काय होतं ते.