लेगगार्ड आणि देवराईचं वळण

९ जानेवारी १९८३, रविवार

अक्षर वाकडं येतंय. 
गुरुवारी पडलो. वरच्या वाडीतलं बाळंतपण उरकून पौडला परत येत होतो. हे पुढं, मी मागं, मांडीवर औषधांची पेटी. देवराईच्या वळणावर कुणाच्या तरी गाडीतून खडी सांडलेली. मी गवतात फेकली गेले, खरचटलंसुद्धा नाही. मोटारसायकल यांच्या उजव्या पायावर आडवी. तापलेला सायलेन्सर पोटरीला चिकटलेला. हे ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसते माझ्याकडं बघत होते.
मला गाडी उचलेना. एवढी वर्षं नर्स आहे, काय काय बघितलं, आणि तिथं हातपाय गोठले. मागून बैलगाडी आली, त्यातल्या दोघांनी उचलली.
हाड शाबूत. आरोग्य केंद्रातले डॉक्टर म्हणाले, पाय वाचला, बाई. पण ते कातडं... नाही लिहवत.

१२ जानेवारी, बुधवार

ड्रेसिंग मीच करते. हे दातावर दात दाबून बसतात, मी पट्टीकडंच बघते.
सासूबाईंचं रोज एकच. "ती फटफटी इकून टाका. न्हाईतर मी लेकीकडं जाते ऱ्हायाला." हे म्हणाले, विकली तर हिला वाडीवर कोण नेणार? खरं आहे ते. एसटी देवराईच्या पुढच्या फाट्यापर्यंतच, तिथून वाडीपर्यंत पायी चढ. आणि वाडीत अजून दोघी दिवस भरत आलेल्या.
स्टँडजवळचे गॅरेजवाले यासीनभाई बघायला आले होते. म्हणाले, पुढं लेगगार्ड असता तर गाडी त्याच्यावर टेकली असती. गुरुजींचा पाय खाली सापडला नसता.
म्हणजे एक वाकवलेली नळी. तेवढी नव्हती म्हणून. सकाळपासून तेच डोक्यात.

१६ जानेवारी, रविवार

पुण्याला जाऊन आलो. हे लंगडत. नाना पेठेत सुट्या भागांची दुकानं ओळीनं.
कंपनीचा लेगगार्ड आवाक्याबाहेर. दुसरीकडं एक होता, चकचकीत, आरसाच. यांना आवडला. मी दोन्ही हातांनी दाबून बघितला तर नळी चक्क लवली. दुकानदार हसला. "बाई, गाडीला लावायचाय, तुम्हाला दाबायला नाही." मी म्हटलं, गाडी माझ्यापेक्षा जड आहे.
गल्लीच्या टोकाला जुन्या मालाचं दुकान. तिथं मिळाला. जाड नळी, काळा रंग, आमच्याच गाडीच्या मापाचा. स्वस्त. पण एक बाजू घासून पार पांढरी पडलेली. रस्त्यावर घासल्याशिवाय तसं होत नाही.
मी विचारलं. तो म्हणाला, "ॲक्सिडेंटच्या गाडीचाच आहे ताई, खोटं कशाला सांगू?"
"आणि माणूस?"
"ते मला कसं ठाऊक? माझ्याकडं लोखंड येतं."
हे नको म्हणत होते. मीच घ्यायला लावला. वाकला नव्हता ना तो. जे काही झालं त्यात वाकला नव्हता.
एसटीत पायाशी ठेवला होता. घासलेली बाजू सारखी माझ्याकडंच यायची. शेवटी वर्तमानपत्र गुंडाळलं.

१९ जानेवारी, बुधवार

ड्यूटी सुटल्यावर यांच्याबरोबर गॅरेजला गेले. यासीनभाईंनी बसवत आणला होता. वरचा क्लॅम्प नीट, खालचे बोल्ट नीट. मी म्हटलं, फूटब्रेक दाबून बघा. त्यांनी दाबला. पेडल खाली गेलं आणि नळीला अडकून तिथंच राहिलं.
 आज आम्ही तसेच घरी आलो असतो तर? उताराला ब्रेक लावला असता आणि...
यासीनभाईंनी परत सगळं सोडलं, क्लॅम्प वर सरकवला, पेडल थोडं बाहेर घेतलं. स्वतः चक्कर मारून आले. मग मला म्हणाले, "आता तुम्ही दाबा, भाभी." मी हातानं दाबत राहिले. दर वेळी पेडल वर आलं.
हे गाडीवर बसले. पाय गार्डच्या आड गेला. बरं वाटलं. थोडं.

२५ जानेवारी, मंगळवार

हे कुणाला सांगायचं?
लसीकरण करून फाट्यावरून एसटीनं येत होते. खिडकीशी. देवराईच्या वळणाला हे दिसले. वरच्या शाळेत शिक्षकांची बैठक होती, तिकडून येत असणार. गाडीवर नव्हते. इंजिन बंद करून, हँडल धरून, कडेकडेनं गाडी ढकलत वळण उतरत होते. एसटी मागून आली तशी मान खाली घातली. मला नाही बघितलं.
हे घरी आल्यावर विचारलं, प्रवास कसा झाला?
"मजेत."
मी भाकऱ्या थापत बसले. 

३० जानेवारी, रविवार

दुपारी दूधवाल्याबरोबर निरोप आला. वाडीतल्या त्या दोघींपैकी पहिली अडली. हे घरीच होते, लगेच निघालो.
चढ लागेपर्यंत बरे होते. मग वेग कमी कमी होत गेला. देवराईपाशी गाडी थांबली. हे उतरले. मीही उतरले, काही न विचारता. दोघं मिळून ढकलायला लागलो.
तिचा दीर वळणावरच वाट बघत उभा. "गुर्जी, उतरलात कशापायी? वैनी लई तळमळतीया. बसा की."
हे ढकलतच राहिले. वळण संपलं तर गाडी सुरू होईना. दुखऱ्या पायानं किका मारतायत, मारतायत, घाम गळतोय. मी पेटी घेतली आणि त्या पोरीच्या दिराबरोबर पळत सुटले.
पोचले तर मूल बाहेर आलेलं. घरातल्या म्हातारीनं नाळ कापलेली. आणि पोरीचं अंगावरून जाणं थांबत नव्हतं. गोधडी चिंब. डोळे मिटत होती. इंजेक्शन दिलं, पोट चोळत राहिले, तिला नावानं हाका मारत राहिले. हळूहळू पोट घट्ट लागलं. रक्त आटोक्यात आलं.
वाचली. मुलगी झालीय.
बाहेर आले तर हे अंगणाच्या कडेला, डोकं गुडघ्यात. चुलीपुढची म्हातारी मला म्हणाली, "बाई, जरा बिगी आला असता तर..." 

३१ जानेवारी, सोमवार

आज बोललो.
म्हणाले, वळण आलं की पायावर तेच वजन पडतं. चटकाही बसतो. गार्ड समोर दिसतो, तरी. "मला वाटलं होतं, तो बसवला की जाईल."
मी एसटीतून बघितलेलं सांगितलं.
"मग बोलली का नाहीस?"
"तुम्ही का नाही बोललात?"
माझंही सांगितलं. त्या वळणाला मी डोळे मिटून घेते. मागं बसलं की रस्ता दिसत नाही, यांची पाठ दिसते. कधी पडणार तेच कळत नाही.
 मग म्हणाले, "पुढं बसून बघतेस का?"
चेष्टा वाटली. चेष्टा नव्हती.

६ फेब्रुवारी, रविवार

शाळेचं मैदान. साडीवर जमेना म्हणून यांची जुनी पँट, वर शर्ट. सासूबाई म्हणाल्या, "गाव हसंल." मग स्वतःच येऊन फाटकाशी उभ्या राहिल्या, कुणी बघतंय का बघायला.
क्लच सोडला की धक्का, गाडी बंद. परत. परत.  एकदा वळवताना गेलीच आडवी, मला घेऊन. गार्डवर टेकली. पाय मोकळा, वीतभर जागा होती खाली. तरी तशीच पडून राहिले. हे धावत आले. मला उठवून आधी माझी पोटरी बघितली.
नंतर दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या गिअरमध्ये.

९ फेब्रुवारी, बुधवार

वाडीतल्या त्या दुसऱ्या पोरीकडून सांगावा. कंबर दुखायला लागलीय, आज नाहीतर उद्या.
चहा पिताना हे म्हणाले, वळणापर्यंत मी चालवतो. तिथून तू घे. मी मागं बसतो.
मी म्हटलं, मला घाट येत नाही. मैदान येतं, तेही सरळ. लायसन नाही, काही नाही.
"मग ढकलत जायचं?"
मी उठून यांची जुनी पँट धुतली. 
पँट दोरीवर वाळतेय. सासूबाईंनी पेटी आणून उंबऱ्याशी ठेवली. हे अंगणात गाडी पुसतायत. मी दर थोड्या वेळानं रस्त्याकडं बघते.
अजून कुणी बोलवायला आलेलं नाही.