जयवंतीबायची दाढ

१० फेब्रु., मंगळवार. मसोली

नैरोबीची मंडळी दुपारी पोहोचली. सहा जण. त्यांच्या चर्चने पाठवलेली, तलासरीच्या दातांच्या शिबिराला हात द्यायला. दात काढणार आपले डहाणूचे डॉक्टर. हे तपासायला, साफसफाईला, शिकवायला. मी दुभाषी. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी दोनदा विचारलं, सिस्टर, जमेल ना? तीस वर्षं आरोग्य केंद्रात नर्स होते, ती काय मुकी? मराठी, गुजराती आणि पाड्यांवरच्या बायकांची बोली, तिन्ही येतात. इंग्रजी खडबडीत, पण चालतं. जमणार.

त्यांच्यातली दंतवैद्य डॉ. ग्रेस. चाळिशीची, कमी बोलणारी. पाच चिकू सालासकट खाल्ले. आवडली मला.

१२ फेब्रु., गुरुवार

शिबिराचा दिवस. तलासरीच्या पुढच्या पाड्यावरची शाळा. आठला पोहोचलो तर व्हरांडा भरलेला. दुपारपर्यंत बसले नाही. पाणीही उभ्यानेच.

तीनच्या सुमारास एक बाई आली, सुक्या बोंबलांची टोपली घेऊनच. जयवंतीबाय, वरोरची. बाजार उरकला, म्हटलं दाढ दाखवून जाऊ. वय साठच्या आसपास. टोपली बाहेर ठेवायला तयार नाही. शेवटी खुर्चीखाली ठेवली. सगळ्या वर्गाला वास.

ग्रेसने तोंड उघडायला सांगितलं. दोन बोटं जेमतेम जातील एवढंच उघडलं. दाढ राहिली बाजूला. गालाच्या आत पांढरा चट्टा, मधे जखम. मशेरी किती वर्षं? "लग्नाच्या आधीपास्नं." जखम कधीची? दिवाळीच्या आधीची. ग्रे.ने आपल्या डॉक्टरांना बोलावलं. दोघांनी पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं.

मग ग्रे. तिच्यासमोर गुडघ्यावर बसून सावकाश बोलली. हा कॅन्सर असू शकतो. नक्की सांगता येत नाही, तुकडा काढून तपासावा लागेल, लवकर. आत्ता कळलं तर उपाय आहे. थांबलीस तर अवघड.

मी सांगितलं, "जखम आहे, मोठ्या दवाखान्यात दाखवायची."

ग्रे. माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, माझं बोलणं बरंच लांब होतं. तुमचं इतकंच कसं?

कान तापले. दया म्हणून गाळलं, असं मी मनाला सांगत होते. खरं म्हणजे तो शब्द मला माझ्या तोंडून काढायचा नव्हता. इतक्या वर्षांत तो नेहमी डॉक्टरच बोलले, मी बाजूला उभी. खाली बसले, जयवंतीबायचा हात धरला आणि सगळं सांगितलं. एकही शब्द न गाळता.

ती म्हणाली, "पहिल्यांदा का नाय सांगितलंस?"

भीती वाटली, म्हटलं.

"तुला कसली भीती? तोंड तर माझं."

तेवढ्यात नैरोबीच्या मंडळींचा म्होरक्या पीटर आला. भला माणूस. त्याला तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची होती आणि मोबाइलवर चित्रण, तिकडच्या चर्चमध्ये दाखवायला. चित्रण होणार नाही, मी स्पष्ट सांगितलं. प्रार्थनेचं तिला विचारते. विचारताना हेही सांगितलं की नको म्हटलीस तरी पुढची मदत तेवढीच मिळेल. तिने विचार केला. "करू दे. त्याने त्याच्या देवाला सांगावं, महालक्ष्मीला मी सांगीन. फोटो नको, तोंड सुजलंय."

पीटरने मोबाइल खिशात घातला. प्रार्थना अगदी लहान केली. मीही आमेन म्हटलं, मनापासून.

जाताना टोपलीतले मूठभर बोंबील ग्रे.च्या हातात कोंबून गेली.

१४ फेब्रु., शनि.

मंडळी आज गेली. ग्रे.ने पत्ता दिला, कळवा म्हणाली.

मी थेट वरोरला. किनाऱ्यावर बोंबील वाळत टाकलेले, ज.बाय बांबूंच्या मधे. मुलाला काहीच सांगितलेलं नाही. तो होडीवर. म्हणाली, सीझन आहे, मासळी वाळायची आहे, दवाखान्यात होळी झाल्यावर जाऊ. मी वाद घातला नाही. पदर खोचला आणि तिच्याबरोबर बोंबील टांगायला लागले. तासाभराने म्हणाली, तुझे हात वाकडे चालतात, सगळा माल पडेल. कधी जायचं ते सांग.

गुरुवार, म्हटलं. मुलाला मात्र तूच सांगायचंस.

१९ फेब्रु., गुरु.

वापीच्या मोठ्या हॉस्पिटलात. मुलगा आला होता. होडी सोडून आलेला, डोळे लाल. आईने त्याला काल जेवताना सांगितलं. तो माझ्याशी फारसा बोलला नाही, पण फॉर्म त्यानेच भरले. तुकडा काढताना ती जराही हलली नाही. रिपोर्टला आठ-दहा दिवस.

परतताना मुलाने विचारलं, वाचेल का? मला माहीत नाही, म्हटलं. पण वेळेत आणलंय, आणि काहीही निघालं तरी पुढे कुठे जायचं, कुणाला भेटायचं ते मला ठाऊक आहे. मग तसंच करू, म्हणाला.

२४ फेब्रु., मंगळ.

मशेरीची डबी तिने सुनेच्या ताब्यात दिली. सुनेचा फोन होता. दिवसभर चिडचिड करते म्हणे. करू दे.

२८ फेब्रु., शनि.

रिपोर्ट अजून नाही. काल फोन केला, सोमवारी या म्हणाले. मुलगा आणि मी जाणार.

सकाळी भाकरी टाकत होते तर दारात ज.बाय. मागे वरोरच्याच तीन बायका, पदर तोंडाला लावून. मी विचारायच्या आत तीच म्हणाली, "ह्यांची पण तोंडं बघ. तिघी मशेरीवाल्या. घाबरतात म्हणून मी घेऊन आले."

गॅस बंद केला. हात धुतले, टॉर्च घेतली, पहिलीला खिडकीजवळ बसवलं. ज.बायने तिची हनुवटी धरली आणि म्हणाली, उघड.